तारेचं टोक

"इथेच तुटतं," सुहासिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी वही त्याच्यापुढे धरली. "मागच्या रविवारी नऊ सव्वीस. त्याच्या आधीच्या रविवारी नऊ एकतीस. त्याच्या आधी नऊ चोवीस. यात तुम्हाला काही दिसतंय, की नुसतंच बघताय?"

उत्तरेश्वर खरोखर नुसतंच बघत होता. वहीतलं अक्षर इतकं देखणं होतं, की आपण तक्रार वाचतोय असं त्याला वाटेना. छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाईंचं अक्षर ते. तारीख, कॉल लागल्याची वेळ, तुटल्याची वेळ आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेरा सगळीकडे एकच होता: 'वाक्य अर्धवट.'

"कुणाचं वाक्य, बाई?"

"माझं पूर्ण होतं. त्याचं सुरूच होत नाही."

उत्तरेश्वर सुताराची या घरातली ही तिसरी फेरी. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लाइनमन म्हणून खांबांवर चढउतार करून तो निवृत्त झाला. घरी बसून बायकोच्या, वेणूबाईच्या, पायात पायात येऊ लागला, तेव्हा हिंजवडीत कंपनीत असलेल्या त्याच्या लेकीने, पूर्णिमाने, त्याला आपला जुना लॅपटॉप दिला आणि चार गोष्टी शिकवल्या. तेव्हापासून तो लोकांच्या घरचं इंटरनेट दुरुस्त करत हिंडायचा. तार बदलली, खांब गेले, पण तक्रार तीच होती. इकडचं माणूस तिकडच्या माणसाला ऐकू जात नाही, एवढंच कुठेतरी बिघडलेलं असायचं.

बाई कोथरूडच्या या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. यजमान अनंतराव जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा शौनक कॅलिफोर्नियात. वडील गेले तेव्हा तो आला, तेरावं झालं तसा परत गेला, तो त्यानंतर आलाच नव्हता. रविवारी सकाळी नऊला, म्हणजे तिकडे शनिवारी रात्री, तो लॅपटॉपवर दिसायचा. आणि गेल्या फेब्रुवारीपासून दिसता दिसता नाहीसा व्हायचा.

पहिल्या फेरीत फॉल्ट हसत हसत सापडला होता. बाईंच्या घरात उघडं असं काही नव्हतंच. मिक्सरला झबलं, टीव्हीला झबलं, शिलाई मशीनला झबलं. मोडेमलाही त्यांनी जुन्या इरकलीचं, आतून गोधडीसारखे टाके घातलेलं कव्हर शिवलं होतं. वायरी बाहेर यायला दोन काजं करून ती नीट विणलीसुद्धा होती. ते कव्हर उचललं, तर आतला मोडेम तव्यासारखा तापलेला.

"बाई, जीव गुदमरलाय की याचा."

"पुण्यातली धूळ बघितलीत का? रोज पुसायला तुम्ही येणार आहात?"

"धूळ खाल्ली तरी चालंल त्याला. हवा पाहिजे."

"हवा लागते हे खोक्यावर लिहायला काय झालं होतं त्यांना? दिव्यांची नावं तेवढी लिहिलीत," असं म्हणून बाईंनी कव्हराची चौपदरी घडी घातली. ते टाकून मात्र दिलं नाही. पुणेकर माणूस, कपाटात ठेवलं.

पण तुटणं थांबलं नाही. दुसऱ्या फेरीत त्याने खालच्या डबीतले गंजलेले सांधे कापून नवे केले, तारेला दोन फाटे काढणारा स्प्लिटर बदलला. लॅपटॉप वीज वाचवायला म्हणून अधूनमधून वायफायलाच झोपवत होता, तीही खोड मोडली. नेट झऱ्यासारखं वाहू लागलं. सोमवार ते शनिवार बाई दोन-दोन तास कीर्तन ऐकायच्या, एकदा अडखळायचं नाही.

"आणि पोटच्या पोराशी बोलायला बसलं की तुटतं," बाई म्हणाल्या होत्या. "तुमच्या नेटला वार कळतात का हो?"

हा टोमणा त्याला लागला होता. खात्यात असताना त्याच्याकडे एक डायरी असायची. नाव, तक्रार, फॉल्ट कुठे, निकाल. निवृत्तीनंतरही त्याने तशीच वही ठेवली होती, चारही रकाने आखून. निकालाचा रकाना त्याने चौतीस वर्षांत कधी रिकामा सोडला नव्हता, की खोटाही भरला नव्हता. इतर लाइनमन 'तपासले, ठीक आहे' असं लिहून मोकळे व्हायचे. उत्तरेश्वरला ते जमायचं नाही. फॉल्ट सापडेपर्यंत त्याला जेवण गोड लागायचं नाही, आणि वेणूबाईला वाटायचं भाजी बिघडली.

म्हणून आज तो मुद्दाम रविवारी, साडेआठलाच आला होता. येरवड्याहून निघाला तेव्हा रस्ते रिकामे होते. मे महिन्याचं ऊन अजून कोवळं होतं. आपली लुना चालते आहे की गावच झोपेत मागे सरकतंय, हे त्याला मध्येच कळेनासं झालं होतं. त्याची ही जुनी सवय. खांबावर उंच बसून राहिल्यावर तारांचा जो बारीक घुमारा कानात भरतो, त्याने माणसाला तंद्री लागते. टेस्टिंगचा फोन कानाला लावला की शेजारच्या तारांच्या जोड्यांमधली बोलणी पाझरून यायची. शब्द नाही, नुसते सूर. कुणी रागवतंय, कुणी समजूत काढतंय, कुणी नुसतंच 'हं, हं' करतंय. ती सगळी बोलणी अजून वर कुठेतरी तरंगत असतील, असं त्याला वाटायचं. हे त्याने एकदा वेणूबाईला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "खाली उतरत जा जरा."

"सुतार!" बाईंनी हाक मारली. "मी काय विचारतेय?"

"हां. बोला बाई."

"आज सापडेल ना?"

आवाज बाईंचाच होता, पण त्यातली धार गेली होती. उत्तरेश्वरने मान वर केली. बाई खुर्चीवर बसल्या होत्या. केस नीट बांधलेले, साडीला पिन लावलेली, जणू शाळेत तपासणीला अधिकारी येणार होते. स्वयंपाकघरातून आंब्यांचा वास येत होता. कोथरूडात राहून आंबा मात्र मंडईतूनच आणणाऱ्यांपैकी त्या.

"मला त्याच्याकडून एकच ऐकायचंय," त्या म्हणाल्या. "गणपतीला येतोस की नाही? चार वर्षं झाली. मखर माळ्यावर पडलंय. मी दर रविवारी विचारते, आणि मी विचारलं की मेलं तुटतं. येतो म्हणाला का नाही म्हणाला, हेच मला कळत नाही. मी सत्तरीला आलेय हो. असं अर्धवट किती दिवस बसू?"

"आज बघतो बाई. दोन्ही टोकं बघतो."

लाइनमनची पद्धत साधी असते. लांबच्या लांब तार असते, फॉल्ट कुठेही असू शकतो. मग मधल्या खांबावर चढायचं, तार सोडवायची आणि दोन्हीकडे ऐकायचं. फॉल्ट या बाजूला की त्या बाजूला? ज्या बाजूला असेल तिचे पुन्हा दोन भाग करायचे. असं करत करत माणूस फॉल्टपाशी पोचतोच. आणि पोचला की तारेचं टोक हातात घेऊन बघायचं. आपणहून तुटलेली तार ताणून बारीक झालेली असते, टोकाशी सुईसारखी. पकडीने कापलेल्या तारेचं टोक सपाट असतं. चोरी कुठली आणि वारा कुठला, ते टोकच सांगतं.

त्याने पूर्णिमाचा जुना लॅपटॉप काढला, त्याच मोडेमला जोडला आणि मोडेमजवळच्या स्टुलावर, कॅमेऱ्यात दिसणार नाही, पण बाईंचा पडदा दिसेल असा बसला. आपल्या पडद्यावर एक काळी खिडकी उघडली. पूर्णिमाने शिकवलेली ही त्याची आवडती युक्ती होती. इकडून हाक मारायची आणि तिकडून 'ओ' येते का बघायचं. दर सेकंदाला एक हाक, एक ओ, एक नवी ओळ. नेट गेलं की ओ थांबते, लपवता येत नाही.

नऊ वाजता कॉल लागला.

"आजी! माझा टूथ पडला!" पडदाभर एक तोंड आणि त्यात एक खिडकी. शौनकची पाच वर्षांची स्वराली.

"दात म्हणावं, बाळा."

"दात टूथ. फ्रंटचा."

"बरं, फ्रंटचा दात टूथ," बाई म्हणाल्या. छत्तीस वर्षांत त्यांनी कुणाला इतके गुण फुकट दिले नसतील.

उत्तरेश्वर काळ्या खिडकीकडे बघत होता. ओळींमागून ओळी येत होत्या. पंख्याची सावली भिंतीवर फिरत होती. खाली कुणीतरी सायकल पुसत होतं, त्याचा चुईचुई आवाज येत होता. मग शौनक समोर आला. चाळिशीचा, डोळ्यांखाली काळं, अंगात करडा टीशर्ट. त्याने गोळ्यांचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं, गच्ची गळते का विचारलं. बाईंनी सगळ्याची उत्तरं दिली. त्यांचं बोलणं मधुर नव्हतं, पण चाललं होतं. दळण चालतं तसं, एकसुरी आणि बरं वाटणारं.

शौनकच्या मागे भिंत होती. भिंतीला टेकून पुठ्ठ्याची खोकी रचलेली होती. चिकटपट्ट्या मारलेली, एकावर एक, पंधरा-वीस तरी. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या फक्त चेहरा बघत होत्या.

नऊ पंचवीस.

"शौनक," बाई म्हणाल्या, "मग गणपतीचं काय ठरवलंस?"

उत्तरेश्वरने तेवढ्यापुरती मान वर केली, आणि त्याने ते बघितलं. शौनकचे डोळे खाली गेले. उजवा खांदा किंचित हलला. आणि पडदा रिकामा झाला.

चित्र आधी अडकलं नाही. चौकोन चौकोन झालं नाही. आवाज फाटला नाही. जे नेट तुटताना होतं त्यातलं काही म्हणता काही झालं नाही. पडदा एकदम स्वच्छ झाला. आणि काळ्या खिडकीत ओ येतच होती. एक ओळ, आणखी एक ओळ, आणखी एक.

टोक सपाट होतं.

"बघितलंत?" बाई वळल्या. "तुटलं! तुमच्या डोळ्यांदेखत तुटलं. आता तरी पटलं?" त्यांनी वही ओढली, घड्याळाकडे बघितलं आणि लिहिलं: नऊ सव्वीस. पेन शेवटच्या रकान्याशी गेलं, 'वाक्य अर्धवट' लिहून थांबलं. "काय निघालं?"

उत्तरेश्वर काळ्या खिडकीकडेच बघत राहिला. त्याला घाम फुटला होता. बाईंचा मुलगा कॉल कापतो, एवढंच असतं तर त्याला इतकं काही झालं नसतं. दुसऱ्याच्या घरचं दुखणं. पण तो खांदा त्याच्या ओळखीचा होता. तो खांदा त्याचा स्वतःचा होता.

सांगणं सोपं होतं. एक्स्चेंजमधला फॉल्ट हाय बाई, वर कळवतो, आठ दिवस लागतील. बाईंनी एक्स्चेंजला नावं ठेवली असती, आणखी वर्षभर वही भरली असती. त्याची चौतीस वर्षांची सचोटी गेली असती ती गेली असती, कोण बघायला आलं होतं? पण समोर सत्तरीची बाई पेन हातात धरून बसली होती, आणि असंच बसलेलं आणखी एक माणूस त्याला माहीत होतं.

"बाई, थोडं पाणी देता?"

बाईंनी पाणी आणलं. त्याने भांडं रिकामं केलं आणि ते दोन्ही हातांत धरून तो बोलायला लागला.

"माझं गाव बार्शीच्या पुढं. जांभळवाडी. वडील तिथंच असायचे, धोंडिबा त्यांचं नाव. सुतारकाम करायचे. गावात फोन आला तो पोष्टात. मी इकडं खांबावर असायचो. टेस्टिंगचा फोन असतो बघा, दोन चिमटे तारेला लावले की झालं. एक्स्चेंजात संपत म्हणून दोस्त होता, तो गावची लाइन जोडून द्यायचा. बुधवारी दुपारी. वडील पोष्टात येऊन बसायचे, अर्धा कोस चालत."

"बरं," बाई म्हणाल्या. हे आत्ता कशाला, असं त्यांना विचारायचं होतं. पण बोलणाऱ्या मुलाला मध्येच तोडायचं नाही, ही जुनी शिस्त.

"सगळं बोलायचे. पाऊस, बैल, कुणाचं लगीन. आन् शेवटी विचारायचे, 'कवा येतूस रं उत्तर्‍या?' बास. ते विचारलं की मी चिमटा काढायचो." त्याचा उजवा खांदा हलला. "असा. लाइन मेली. ते तिकडं हॅलो हॅलो करायचे. मी वर बसून असायचो."

"का पण?"

"आधी रजा न्हवती म्हणून. मग पोरांच्या शाळा. मग..." तो थांबला. "न जायला काही कारण लागत न्हाई बाई. एकदा गेलं न्हाई, की मग जायलाच कारण लागतं. काय तोंडानं सांगू, हेच कळंना. खोटं बोलवत नव्हतं, खरं सांगवत नव्हतं. मग चिमटा काढायचा. आठ वर्षं काढला."

पंख्याची सावली फिरत होती. बाईंनी लॅपटॉपच्या रिकाम्या पडद्याकडे बघितलं, मग त्याच्या काळ्या खिडकीकडे. तिथे अजून ओळी उतरत होत्या.

"ते काय आहे?"

"इकडून हाक जाते, तिकडून ओ येते. नेट गेलं की थांबतं."

"मघाशी थांबलं होतं?"

"न्हाई बाई."

खालचा चुईचुई आवाज थांबला. सायकल पुसून झाली असावी. बाईंनी पेनाला टोपण लावलं. त्यांचा चेहरा फार काही बदलला नाही, फक्त साडीची पिन त्यांनी उगीचच काढली आणि पुन्हा लावली. उत्तरेश्वरला वाटलं, आपण हे कशाला केलं? आपल्याला कुणी सांगितलं होतं इतकं खरं बोलायला?

"सोपं होतं की," बाई शेवटी म्हणाल्या. "एक्स्चेंजवर ढकलायचंत."

"माझे वडील ढकलायचे. 'तुझ्या खात्याची लाइनच भिकार,' म्हणायचे. लाइनीला शिव्या देत देत गेले. त्यांना कधी कळलं न्हाई. तसं तुमचं नको व्हायला."

"कळलं नाही?"

"न्हाई. पुढं पुढं तर ते विचारायचेही न्हाईत. 'आता लाइन तुटंल बघ, ठिवतो,' म्हणायचे आन् आपणच ठेवून द्यायचे."

बाईंनी चष्मा काढला. पदराने पुसला. मग त्याच्याकडे असं बघितलं, जसं त्या वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे बघत असतील.

"सुतार, तुम्ही लाइनमन. तुम्हालासुद्धा लाइन कधी तुटणार ते आधी सांगता येत नाही. मग सुतारकाम करणाऱ्या तुमच्या वडिलांना ते कसं कळायचं?"

उत्तरेश्वरने हातातलं भांडं खाली ठेवलं.

आठ वर्षांतली शेवटची दोन. बुधवारच्या दुपारी. तो खांबावर, कानाशी घुमारा, आणि तिकडून तो घोगरा आवाज: आता तुटंल बघ, ठिवतो. तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटायचं. म्हाताऱ्याला पोष्टातून घरी जायची घाई असेल, असं वाटायचं. चिमटा काढायची वेळ आपल्यावर येत नाही, याचंच बरं वाटायचं. ती वेळ कुणीतरी येऊ देत नव्हतं, हे त्याला आजवर सुचलं नव्हतं. हयातभर दुसऱ्यांचे फॉल्ट शोधणाऱ्या माणसाला, वडील जाऊन सतरा वर्षं झाली तरी, हे एवढं सापडलं नव्हतं.

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याला ते लपवावंसंही वाटलं नाही.

"आईबापांना कळतं हो," बाई हळूच म्हणाल्या. "मला काय कळत नव्हतं? दुसऱ्याच रविवारी शंका आली होती. पण नेटवर ढकललं की आठवडा निघतो." त्या उठल्या, आत गेल्या, आणि एका ताटलीत आंब्याच्या फोडी घेऊन आल्या. "घ्या. मंडईतला आहे."

तो खाऊ लागला. बाई खिडकीशी उभ्या राहिल्या.

"वर्गात ज्याला उत्तर येत नाही, त्याला मी कधी उभं करून छळलं नाही. त्याला दुसरं काहीतरी विचारायची. येत असेल असं. छत्तीस वर्षं. आणि घरातल्याला मात्र दर रविवारी उभा करतेय."

"प्रश्न चुकीचा न्हाई बाई."

"प्रश्न बरोबर आहे. पोराकडे उत्तर नाही."

उत्तरेश्वरने वायरी गुंडाळल्या, लॅपटॉप पिशवीत घातला. दारात चपला घालताना तो थांबला. "बाई, एक बघितलं मी. तुमचं लक्ष न्हवतं. त्याच्या मागं खोकी होती. बांधलेली. पंधरा-वीस."

बाईंनी मान हलवली. त्या रविवारी दोघांनीही मजुरीची गोष्ट काढली नाही.

पुढचा आठवडा उत्तरेश्वर कामावर जात होता, पण कुठे गेलो आणि काय जोडलं ते त्याला घरी आल्यावर आठवत नव्हतं. उन्हात रस्त्यावरचे खांब दूरवर ओळीने उभे दिसायचे. यांच्यावरून चालत गेलं तर बार्शीच्या पुढे निघता येईल, एवढंच मनात यायचं. वेणूबाईने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. तो म्हणाला, वाटतंय.

रविवारी सव्वादहाला मोबाइल वाजला.

"सुतार, एक तास बारा मिनिटं," बाईंचा आवाज. ना हॅलो, ना काही.

"काय विचारलंत?"

"मागे खोकी कसली रे, एवढंच. आधी काही बोलेना. मला वाटलं, कापतोय. मग बोलायला लागला." त्या जरा थांबल्या. "फेब्रुवारीत नोकरी गेली. दुसरी लागलीय, निम्म्या पगाराची. घर लहान घेतलंय. कागदपत्रं नव्याने व्हायचीत, ती होईपर्यंत देशाबाहेर पडला तर परत आत घेणार नाहीत. चार महिने हे एकटा घेऊन बसला होता. आणि मी त्याला मखराचं विचारतेय."

"मग गणपतीला...?"

"येत नाही. मी विचारलं नाही, आपणहून म्हणाला. 'आई, या वर्षी मी येऊ शकत नाही.' पूर्ण वाक्य. कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी." त्यांना हसायचं होतं, पण आवाज ओला झाला. "वाईट वाटलं हो. खोटं कशाला सांगू? पण सुतार, 'नाही' हेही उत्तरच असतं. आणि शेवटी म्हणाला, 'ठेवतो, आई.' मगच ठेवला."

"बरं झालं बाई."

"काय बरं झालं? मोडेमवर बोटभर धूळ बसलीय. ते कव्हर मी पुन्हा घालणार आहे. रविवारी तेवढं काढून ठेवीन." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

उत्तरेश्वर दोन खोल्यांच्या घरात भिंतीला टेकून बसून होता. वेणूबाई पलीकडे मेथी निवडत होती. वर खिळ्याला त्याचा टेस्टिंगचा जुना फोन लटकत होता, दोन चिमट्यांसकट. निवृत्त होताना साहेबांनी तो आठवण म्हणून त्याला ठेवू दिला होता. त्याने उठून तो खाली घेतला, चिमटे दाबून बघितले. स्प्रिंग अजून ताठ होती. त्याने तो कानाला लावला. कुठलीच तार नव्हती, मग आवाज तरी कसला येणार! तरी तो थोडा वेळ ऐकत राहिला.

"तंद्री लागली का?" वेणूबाईने विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "वही दे जरा."

तिने कोनाड्यातली वही दिली. आधी त्याने बाईंची तक्रार बंद केली. फॉल्ट कुठे: पलीकडे. निकाल: एक तास बारा मिनिटं. मग खाली एक ओळ सोडून त्याने नवी नोंद सुरू केली. अक्षर बाईंसारखं नव्हतं, पण त्याने ते शक्य तितकं नीट काढलं.

नाव: धोंडिबा सुतार, जांभळवाडी.

तक्रार: बोलता बोलता लाइन तुटते.

फॉल्ट कुठे: पुण्याच्या बाजूला.

चौथ्या रकान्यावर पेन टेकवून तो बराच वेळ बसला. मेथीच्या काड्या मोडल्याचा बारीक आवाज येत होता. मग त्याने पेन उचललं, तो रकाना तसाच रिकामा ठेवला आणि वही मिटली.